बारा बोल्टांची गोष्ट

लेकीकडून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय हो, अमेरिकेत काय काय बघून आलासा?" नायगारा बघितला का, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघितला का, अवकाशयानं ठेवलेली जागा बघितली का? आमच्या सौ.ने यातलं बरंचसं बघितलं. फोटोही काढले आणि गल्लीत सगळ्यांना दाखवूनही झाले. मी मात्र तिथल्या तीन महिन्यांतले आठ-दहा दिवस एका ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून काढले. हे सांगितलं की लोक हसतात. पण वाचकहो, त्या दिवसांत मी जे शिकलो ते सदतीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत घालवूनही शिकलो नव्हतो. म्हणून या वेळी तीच गोष्ट सांगतो.

आधी 'ट्रक' या शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे ट्रक म्हटलं की सहा-दहा चाकांची, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेली गाडी डोळ्यांपुढे येते. तिकडे पुढे बसायला केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात. टेक्सासात तर अर्धा रस्ता या ट्रकांनीच भरलेला असतो. लेक राहते ह्यूस्टनजवळच्या एका गावात. नातू सतरा वर्षांचा. शनिवार-रविवारी किराणा दुकानात सामान रचायचं काम करून त्याने पैसे साठवले आणि २००५ सालचा एक जुना पिकअप विकत घेतला. आठ सिलिंडरचं, पाच लिटरहून थोडं मोठं पेट्रोल इंजिन. आपल्याकडच्या चार मारुती गाड्यांची इंजिनं एकत्र केली तरी याची बरोबरी जेमतेम व्हावी.

पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने गाडी सुरू केली आणि मी अंगणातूनच कान टवकारले. टिक-टिक-टिक-टिक. घड्याळासारखी, पण घाईत असलेल्या घड्याळासारखी. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज बंद. नातू म्हणाला, "आज्जा, सगळे म्हणतात हे नॉर्मल आहे."

मी म्हटलं, "नॉर्मल नव्हे. मॅनिफोल्ड फुंकतोय."

इंजिनात पेट्रोल जळून झालेला धूर प्रत्येक सिलिंडरच्या तोंडातून बाहेर पडतो. चारी सिलिंडरांचा धूर गोळा करून एका पाइपात सोडणारा जो लोखंडी भाग इंजिनच्या कुशीला बसवलेला असतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. या इंजिनाला डावा-उजवा असे दोन होते आणि प्रत्येकी सहा, म्हणजे एकूण बारा बोल्टांवर ते बसलेले. टॉर्च घेऊन पाहिलं तर डावीकडच्या सगळ्यांत मागच्या बोल्टाचं डोकंच गायब! तिथून गॅस निसटत होता आणि तीच ती टिक-टिक. तापल्यावर लोखंड फुगतं, फट बुजते, म्हणून आवाज थांबत होता.

बोल्ट तुटला का, याचा हिशेब साधा आहे. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा आणि तो बसलेला हेड अॅल्युमिनियमचा. गाडी चालताना हेडला आतून पाण्याची थंडाई असते, तो शंभर अंशांच्या आसपास राहतो. मॅनिफोल्डला थंडाई नाही, तो पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सहज जातो. दीड फूट लांबीचा लोखंडी तुकडा इतका तापला की अडीच-तीन मिलीमीटरने लांब होतो. हेड मात्र मिलीमीटरभरही वाढत नाही. ही ओढाताण मधल्या बोल्टांना फारशी जाणवत नाही, टोकाच्या बोल्टांना जाणवते. रोज तापायचं, रोज निवायचं. वर्षानुवर्षं असं झालं की टोकाचा बोल्ट एक दिवस मान टाकतो. मोठ्या डिझेल इंजिनांचे मॅनिफोल्ड म्हणूनच दोन-तीन तुकड्यांत करतात आणि ते तुकडे एकमेकांत सरकू शकतात. एकत्र कुटुंबात थोडी सरकायला जागा ठेवावी, तसंच ते.

लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. कारण नऊ वर्षांच्या धाकट्या नातीला पोहण्याच्या क्लासला हाच सोडायचा, याच गाडीतून. मॅनिफोल्डपाशी निसटणारा धूर म्हणजे पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून शुद्ध व्हायच्या आधीचा कच्चा धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बॉनेटखाली साठला तर हवेच्या झडपेतून केबिनमध्ये शिरू शकतो. लेक म्हणाली, "अप्पा, हे नीट होईपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे." मुलाचं तोंड एवढंसं झालं.

दोन दिवसांनी तो एक खोकं घेऊन माझ्यासमोर बसला. आत चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचे दोन जुडगे. एका जाड पट्टीतून चार नळ्या निघालेल्या, वळसे घेत खाली एका तोंडात मिळालेल्या. याला तिकडे हेडर म्हणतात. म्हणाला, "आज्जा, नाहीतरी मॅनिफोल्ड काढायचाच आहे. मग हेच बसवू या ना."

खरं सांगतो, मला राग आला. मी आयुष्यभर ज्या फाउंड्रीत काम केलं तिथे मॅनिफोल्ड ओतले जात. किती हजार माझ्या हाताखालून गेले असतील, गणती नाही. आणि हा पोरगा म्हणतो ते काढून टाकू या! शिवाय कॅम्पात आणि कॉलेज रोडवर सायलेन्सर कापून फटफट करत जाणारी बुलेटवाली पोरं डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "आवाजासाठीच ना हे सगळं?"

तो चिडला नाही. त्याने कागद घेऊन चित्र काढलं. तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा धूर फेकतो. आठांचे मिळून दोनशे झोत. ओतीव मॅनिफोल्डच्या आखूड पोकळीत हे झोत एकमेकांवर आदळतात. एकाचा धूर दुसऱ्याच्या दारात उभा. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नळी. झोत आपापल्या वाटेने जातो आणि पुढे एकत्र मिळतो. नळी पुरेशी लांब असली तर पुढे गेलेल्या झोतामागे पोकळी तयार होऊन मागच्या सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढला जातो आणि नवी हवा आत यायला जागा होते.

"आणि ही नळी पुरेशी लांब आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "लांब नळ्यांचे हेडर घेतले तर कन्व्हर्टर मागे सरकवावा लागतो, ते कायद्यात बसत नाही. हे आखूड आहेत, जुन्याच पाइपाला जुळतात. ताकद थोडीशीच वाढेल."

हे मात्र मला आवडलं. अमेरिकेत हवा शुद्ध राखण्याच्या कायद्याखाली कन्व्हर्टर काढणं किंवा निकामी करणं हा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात तर असा सुटा भाग बसवायचा असेल तर त्यावर तिथल्या सरकारी मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. पोराने टेक्सासात राहूनही तो क्रमांक असलेलाच हेडर शोधून घेतला होता. तीन महिन्यांची कमाई त्यात गेली होती. मी म्हटलं, "चल, लावू या."

जूनमधलं टेक्सास म्हणजे आपला मे महिना, वर समुद्राकडची दमट हवा. म्हणून काम पहाटे साडेपाचला सुरू करायचं असं ठरलं. पहिले तीन दिवस फक्त एकच काम. संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारायचं आणि सोडून द्यायचं. चौथ्या दिवशी बॅटरीची वायर काढली, चाकांना ठोकळे लावले, गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी जाऊ नये, हे मी त्याला सांगणार एवढ्यात त्यानेच मला सांगितलं. पुढची चाकं काढली, चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं, की बाजूने इंजिनपर्यंत हात पोचतो. स्पार्क प्लगच्या वायरी टोपीला धरून ओढायच्या, वायरीला धरून नव्हे. मग प्लग. मग खालच्या पाइपाच्या चकतीचे नट.

उजवी बाजू तासाभरात निघाली. सहाच्या सहा बोल्ट सुखरूप. माझी छाती फुगली. डावीकडे आलो. पाच बोल्टांपैकी चार निघाले. पाचवा, म्हणजे मागून दुसरा, हलेना. नातू म्हणाला, "आज्जा, अजून एक दिवस तेल मुरू दे. नाहीतर थोडा गरम करू."

आणि इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, "असल्या बोल्टांना मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. आण तो लांब पाना." पान्याला पाइप जोडला, गोटी बसवली आणि जोर लावला. बोल्ट फिरला. मला वाटलं, सुटला. तो सुटला नव्हता, पिळवटत होता. कट्! डोकं गोटीत आणि उरलेला बोल्ट हेडमध्ये, अगदी सपाट.

आता मागच्या टोकाचे दोन बोल्ट आत अडकलेले. मॅनिफोल्ड निघाल्यावर पहिल्या तुटक्या बोल्टाचं थोडं बोंड तरी बाहेर दिसत होतं. माझ्या बोल्टाचं तेवढंही नव्हतं. अशा वेळी गप्प बसावं. पण चूक झाली की ती लपवायची घाई होते. मी ड्रिल घेतलं. म्हटलं, मधोमध भोक पाडतो आणि काढतो. मध्ये स्टिअरिंगचा दांडा आडवा, हात वाकडा, डोळ्यांवर घाम. पोलादाचा बोल्ट कठीण आणि भोवतालचा अॅल्युमिनियम मऊ. ड्रिल नेहमी मऊ बाजूकडे घसरतं. फाउंड्रीतलं पोरही हे जाणतं. मी जाणत नव्हतो असं नाही.

"आज्जा, थांबा!"

तो इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता. मी थांबलो. टॉर्च मारून पाहिलं. बोल्टाच्या कडेला अॅल्युमिनियमवर चकाकता ओरखडा उमटला होता. अजून चार-पाच सेकंद ड्रिल चाललं असतं तर आटे गेले असते आणि हेड उतरवायची वेळ आली असती. पोराच्या वर्षभराच्या शनिवार-रविवारवर मी भोक पाडलं असतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. हात थरथरत होते. वय झालं हे आरशात रोज दिसतं, पण हातांना कळायला वेळ लागतो. लेक चहा घेऊन आली, काही बोलली नाही. थोड्या वेळाने नातू शेजारी येऊन बसला आणि जुना मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन म्हणाला, "आज्जा, हे आतून पोकळ कसं करतात? आतून कोरतात?"

बघा, माझ्या चुकीबद्दल एक अक्षर नाही. मी त्याला अंगणातल्या वाळूत पाणी घालून दाखवलं. आधी लाकडाचा किंवा धातूचा नमुना, त्याच्यावरून वाळूत साचा. वाळू साधी नव्हे, तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी. मग पोकळीच्या आकाराचा वाळूचाच गाभा, त्याला आम्ही कोअर म्हणतो, तो साच्यात अलगद मांडायचा. साचा आणि कोअर यांच्या मधल्या फटीत रस ओतायचा. लोखंड गोठलं की कोअर फोडून वाळू झाडून काढायची. राहते ती पोकळी. कोअर केसभर हलला तर एक भिंत जाड, एक पातळ, आणि नग भंगारात. तो मॅनिफोल्डच्या तोंडात बोट घालून बराच वेळ आतली भिंत चाचपत होता. म्हणाला, "वीस वर्षं चाललं हे." मी म्हटलं, "मॅनिफोल्डला काहीच झालेलं नाही. तुटले ते बोल्ट."

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेतल्या मित्राकडून वेल्डिंगचं मशीन आणलं. तिकडच्या बऱ्याच हायस्कुलांत शेतीकामाच्या वर्गात वेल्डिंग शिकवतात. या पोराने ते दोन वर्षं घेतलं होतं, आणि आम्हाला फोनवर फक्त त्याचे गणिताचे मार्क सांगितले जात होते! पेट्रोलच्या नळ्यांवर त्याने आग न पकडणारं जाड कापड घातलं. वडिलांना आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभं केलं. तुटक्या बोल्टावर वायसर ठेवून ठिणगीने चिकटवला, त्याच्यावर नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरला. गंमत अशी की पोलादाचा वेल्ड पोलादालाच धरतो, अॅल्युमिनियमला चिकटत नाही. शिवाय त्या उष्णतेने आट्यांतला गंज सुटतो.

बाहेर दिसणारा बोल्ट पहिल्याच खेपेला निघाला. माझा नाही. पहिला नट तुटून आला. दुसराही. मी गप्प उभा होतो. तिसऱ्या वेळी वेल्ड केल्यावर त्याने पाना हातातसुद्धा घेतला नाही. चार-पाच मिनिटं थांबला. मग पाव फेरी मागे, किंचित पुढे, पुन्हा मागे. बोल्ट करकरला. तेलाचे दोन थेंब. पुन्हा मागे-पुढे. आणि तो गंजलेला इंच-सव्वा इंचाचा तुकडा नटाला चिकटून बाहेर आला. पोराने तो माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता, पण मी टाकला नाही.

पुढचं काम मात्र आरामात झालं. हेडची बैठक प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ केली, कारण लोखंडी खरवडणीने अॅल्युमिनियमवर चरे पडतात. आटे साफ केले. हेडरची पट्टी सरळ आहे ना, हे पट्टी लावून पाहिलं. पत्र्याचं नवं गॅस्केट, नवे बोल्ट आणि त्यांना न चिकटू देणारी पेस्ट. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावले. मग मधून टोकांकडे या क्रमाने टॉर्क रेंचने आधी ११ फूट-पौंड, मग १८. यापेक्षा अधिक नाही. आपल्याकडे 'अजून थोडा आवळ' म्हणायची जी सवय आहे, तिने जितके आटे गेले तितके गंजाने गेले नसतील. वायरी गरम नळ्यांपासून दूर बांधल्या. शेवटी स्पिरिटने सगळ्या नळ्या पुसल्या. तेलकट बोटांचे ठसे राहिले तर तापल्यावर ते स्टीलवर कायमचे भाजले जातात.

गाडी सुरू केली तेव्हा आधी थोडा धूर आला, उरलेलं तेल जळत होतं. मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक एकेका जोडापाशी फिरवत गेलो. फुसफुस कुठेच नाही. टिक-टिक नाही. नळ्या आधी गव्हाळ सोनेरी झाल्या, मग निळसर. आवाज किंचित भरदार झाला होता, पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकी लावून घ्यावी असा नव्हता. लेक नातीला घेऊन मागच्या सीटवर बसली, गावातून एक चक्कर मारून आली आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.

ताकद वाढली का? खरं सांगायचं तर मला कळली नाही. नातू म्हणतो वाढली. पण पेट्रोल थोडं कमी लागतं हे त्याने लिहून ठेवलंय. ते हेडरमुळेच असं नाही. गळतीतून बाहेरची हवा पाइपात ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंजिनला उगीच जास्त पेट्रोल पाजलं जातं. गळती गेली, उधळपट्टी गेली.

हे वाचून आपल्याकडच्या कुणी लगेच हेडर शोधायला निघू नये. आपले ट्रक टर्बो डिझेल. त्यांचा टर्बोच मॅनिफोल्डवर बसलेला असतो, तिथे या नळ्यांचा काही उपयोग नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आवाज-धुराच्या नियमांचा भंग केला तर दंड दहा हजारांपर्यंत आहे. पण तुमच्या गाडीत सकाळी टिक-टिक ऐकू येऊन तापल्यावर बंद होत असेल, तर 'चालतंय की' म्हणून सोडू नका. मेकॅनिकला मॅनिफोल्डचे बोल्ट मोजायला सांगा. मागच्या सीटवर पोरंबाळं बसतात.

गेल्या रविवारी नातवाचा फोन आला. इंजिन पूर्ण थंड असताना त्याने बाराही बोल्ट पुन्हा तपासले. दोन जरासे सैल होते, १८ वर आणले. "जुने मॅनिफोल्ड भंगारात टाकलेस का?" मी विचारलं. म्हणाला, "नाही आज्जा. एक घासून फळीवर ठेवलाय, दुसरा गॅरेजच्या दाराला टेकू म्हणून लावलाय. लई जड आहे, हलत नाही."

'लई' हा शब्द त्याला मी शिकवला नव्हता. त्या दहा दिवसांत गाडीखाली कधीतरी त्याच्या कानावर पडला असावा.